पेन्शनचं पॉट हलवू की राहू देऊ?

प्रश्न: ताई, मी इथे इंग्लंडमध्ये 1988 पासून नोकरी करतोय, पुढच्या वर्षी 66 चा होऊन रिटायर होणार. तीन कंपन्यांचे मिळून पेन्शनमध्ये साधारण 2 लाख पौंड आहेत. एक ॲडव्हायझर म्हणतो सगळं एकत्र करून त्याच्या प्लॅटफॉर्मवर ड्रॉडाउनमध्ये (पैसे बाजारात गुंतवलेले ठेवून लागतील तसे काढायचे) टाका, मित्र म्हणतो ॲन्युइटी (विमा कंपनीला रक्कम देऊन आयुष्यभर ठरावीक उत्पन्न) घे आणि मोकळा हो, बायको म्हणते सगळं काढून बँकेत ठेवूया. काय करू?

उत्तर: दादा, आधी वहिनींचं सांगते, सगळं एकदम काढू नका. 25 टक्के म्हणजे 50 हजार टॅक्स-फ्री मिळतील, पण उरलेले दीड लाख त्याच वर्षाचं उत्पन्न धरलं जाईल आणि 50 हजारांहून जास्त टॅक्स जाईल. तेच थोडं थोडं दरवर्षी काढलं तर टॅक्स कितीतरी कमी लागतो.

आता हलवायचं की नाही ते. तीनपैकी सगळ्यात जुनं पॉट (एका कंपनीकडे जमलेली पेन्शनची रक्कम) आहे ना, त्याला अजिबात हात लावू नका, आधी कंपनीला लेखी विचारा की यात गॅरंटीड ॲन्युइटी रेट (रकमेच्या किती टक्के उत्पन्न दरवर्षी मिळेल याची आधीच दिलेली हमी) आहे का आणि बाहेर पडायला चार्ज किती. जुन्या पॉलिसींमध्ये हा रेट 9-10 टक्केसुद्धा असायचा, आज बाजारात तसा मिळणं कठीण आणि ट्रान्सफर केलं की तो गेला, परत मिळत नाही. माझ्या दिरांचं हेच झालं. अशी गॅरंटी असलेली रक्कम 30 हजार पौंडांच्या वर असेल तर हलवण्याआधी सल्ला घेणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यांचे 22 हजारच होते म्हणून कोणी अडवलंच नाही, सही केली आणि संपलं. अजूनही मला त्याचं फार वाईट वाटतं.

उरलेल्या दोन पॉट्सचं ठरवताना आधी महिन्याचा न चुकणारा खर्च लिहून काढा, बिलं, किराणा, काउन्सिल टॅक्स. 35 वर्षांचा नॅशनल इन्शुरन्स (पगारातून सरकारकडे जाणारा हप्ता) भरलेला असेल तर साधारणपणे पूर्ण स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन (2025-26 मध्ये आठवड्याला 230.25 पौंड) मिळतं, तरी एकदा तुम्हाला नक्की किती मिळेल त्याचा सरकारी अंदाज, म्हणजे फोरकास्ट बघाच. त्यातून खर्च भागत नसेल तर जेवढी तूट आहे तेवढ्यापुरती ॲन्युइटी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ड्रॉडाउनमध्ये पहिल्याच वर्षी मार्केट 30 टक्के पडलं आणि तुम्ही वर 10 हजार काढले तर 2 लाखांचे 1 लाख 30 हजार होतात, आणि पुन्हा 2 लाखांवर यायला 50 टक्क्यांहून जास्त वाढ लागते. बिलं भरायचे पैसे अशा जागी ठेवू नयेत. ॲन्युइटी घेताना चार ठिकाणी भाव काढा, डायबेटीस, बीपी असेल तर लपवू नका, उलट त्यामुळे रेट जास्त मिळतो. आणि वहिनींना तुमच्यामागे पैसे मिळत राहतील अशी जॉइंट घ्या, कारण एकदा सुरू झाली की ती बदलता येत नाही.

बाकीचे ड्रॉडाउनमध्ये राहू द्या, पण त्या ॲडव्हायझरला वर्षाचा एकूण चार्ज पौंडांत विचारा. 2 लाखांवर 1 टक्का म्हणजे 2000, 0.4 टक्के म्हणजे 800, हा फरक दरवर्षी जातो. त्याचं नाव एफसीएच्या (आर्थिक कंपन्या आणि सल्लागारांवर देखरेख करणारी संस्था) रजिस्टरवर आहे का तेही बघा.

सही करण्याआधी पेन्शन वाइज या सरकारी मार्गदर्शन सेवेची अपॉइंटमेंट घ्या, पन्नाशीच्या पुढच्यांना फुकट असते, साधारण तासभर नीट बोलतात. वहिनींनाही सोबत बसवा.