रत्नागिरीहून पारंग ला: दहा दिवसांची रजा पुरेल का?

नाही पुरणार. तुम्ही लिहिलंय की चौघेही रत्नागिरीचे, रोज पळायची सवय आहे, ऑगस्टअखेर हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बरहून पारंग ला ही खिंड ओलांडून लडाखच्या त्सो मोरिरी तलावाला उतरायचंय आणि रजा दहा दिवसांची आहे. मी गुहागरची, तुमच्यासारखीच समुद्रकाठी वाढलेली, आणि या वाटेने जाऊन आले आहे. तीन आठवड्यांची रजा मिळत नसेल तर यंदा दुसरा ट्रेक करा, हा पुढच्या वर्षी.

प्रश्न फिटनेसचा नाही. ५,५०० मीटरवर हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावरच्या जवळपास निम्मा असतो आणि पारंग ला त्याहून थोडी वरच आहे. विरळ हवेला शरीर सरावायला दिवस लागतात, आणि रोज पळणाऱ्यालाही त्यात सवलत नाही. उलट दमदार माणूस पहिल्या दिवशी जोरात चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

या वाटेचा खरा धोका खिंडीच्या पलीकडे आहे. बहुतेक ट्रेकमध्ये त्रास वाढला की खाली उतरायचं, हा सगळ्यात खात्रीचा उपाय हाताशी असतो. इथे खिंड उतरलात की पारे चू नदीचं लांबलचक खोरं लागतं, आणि त्यातून वाट निघते ती त्सो मोरिरीकडे. तो तलावच ४,५०० मीटरच्या वर आहे. म्हणजे पुढचे कितीतरी दिवस चाललात तरी त्याहून खाली झोपायला जागा नाही. मागे फिरायचं तर खिंड पुन्हा चढायची. मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचू लागलेल्या माणसाला तिथून पटकन खाली नेणं जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे शरीर सरावायचं ते किब्बर सोडायच्या आधी.

म्हणून मनालीहून एका दिवसात कुंझुम ला ओलांडून काझाला पोचू नका. सिमल्याहून किन्नौरमार्गे जा. मुक्काम कल्पाला (सुमारे २,९०० मीटर), मग ताबोला (३,२८०), काझाला (३,६५०) दोन रात्री आणि किब्बरला (४,२००) निदान दोन. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. काझा ते किब्बर ही उडी त्याहून थोडी मोठी आहे, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन रात्री. दिवसा फिरायला वर गेलात तर चालेल, झोपायला खाली या. त्यानंतर चालण्याचे आठ दिवस, दोन दिवस राखीव. राखीव दिवस कापू नका. स्पितीत पाऊस कमी, पण किन्नौरच्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. शिवाय आपल्याकडच्या गाड्या तेव्हा पावसाळी वेळापत्रकावर धावत असतात. आणि तारखा धरताना आधी गणपती कधी आहेत ते बघा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि परतीच्या गाडीत त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गोळी सरावाला मदत करते, सरावाची जागा घेत नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा गुंगी असेल तर वर चढायचं नाही. आरामात बसूनही धाप लागली, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर त्याच क्षणी खाली, मग रात्र असो की पाऊस.

आणि हे रत्नागिरीतच ठरवा: खिंडीखालच्या शेवटच्या तळावर कुणाला बरं नसेल तर त्याच्याबरोबर कोण परतणार? किब्बरच्या घोडेवाल्याशी बोलतानाच एक माणूस आणि एक घोडा परतीला मिळेल असं ठरवून घ्या. तिथे पोचल्यावर हा प्रश्न निघाला की आजारी माणूस भिडेपोटी 'मी ठीक आहे' म्हणतो. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

पारे चू पायी ओलांडावी लागते. आपण खाडी ओहोटी बघून उतरतो, तसंच इथे पहाट बघायची. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारी तेच पाणी मांडीच्या वर येतं. दुपारी काठावर पोचलात तर तंबू ठोका, सकाळी उतरा.

पायांची तयारी घरीच होईल. भाट्याच्या पुळणीवर चाला, पण त्याहून जास्त उपयोग पाठीवर दहा किलो घेऊन घाट उतरण्याचा, गुडघे त्यानेच तयार होतात. पावसाआधी खेडचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड सलग करा. मात्र आपला सह्याद्री पाय देतो, उंचीचा सराव देत नाही. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे.

जेवणाचं म्हणाल तर प्रेशर कुकर हवाच. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही आणि भात टणक राहतो. आपल्या भातखाऊ पोटाला ते सोसत नाही. गॅसची नळकांडी विमानात आणि रेल्वेत नेता येत नाहीत, इंधनाची सोय काझात करा.

सॅटेलाइट फोन किंवा तसला संदेशयंत्राचा डबा सरकारी परवानगीशिवाय नेणं आपल्या देशात गुन्हा आहे, ऑनलाइन मिळतो म्हणून घेऊ नका. लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्या. वाटेत तेही लागणार नाही. म्हणून रोजचा तळ कुठे ते कागदावर लिहा, एक प्रत घरी, एक काझाच्या पोलिसांकडे द्या. त्यावर एक तारीख ठळक लिहा, राखीव दिवस धरून. त्या तारखेला संध्याकाळपर्यंत तुमचा फोन आला नाही तर घरच्यांनी वाट न बघता काझाला फोन करायचा.