लेकीचा पाट कुठे होता?

"यंदाच्या अधिक ज्येष्ठात आम्ही दोघांनी जावयाला धोंड्याचं जेवण केलं. इतवारीतून चांदीचा दिवा आणला, ३३ अनारसे, पुरणाचे धोंडे, वडाभात, कढी. जावईबापू तासभर उशिरा आले, पानावर बसून फोनवर बोलत राहिले, वडाभात तसाच टाकला आणि वाण घेऊन निघाले. लेक पहाटेपासून हाताशी होती, तीही माझ्यासोबत चारला जेवली. एवढा मान करून ही वागणूक! त्यांना कसं सांगू?"
— एक सासूबाई, महाल, नागपूर

ताई, जावईबापू चुकले. पानावर बसून फोन घेऊ नये, हे तुमच्या यजमानांनी त्यांना एका वाक्यात सांगावं. माझ्या लेखी तो विषय इथेच संपला.

मी अडकले ती "तीही चारला जेवली" या ओळीपाशी.

अहो, अधिकाचं वाण लक्ष्मी-नारायणाच्या जोडीला देतात. जावई नारायण, तर लक्ष्मी कोण? तुम्ही नारायणाला पाटावर बसवलं आणि लक्ष्मीला कढईपुढे उभं केलं. तेही ऐन उन्हाळ्यात, नागपुरात! अनारसा तळताना नजर हलवता येत नाही, आच जराशी चुकली की तो हसतो आणि तुपात विरून जातो. जावयासाठी अख्खं घर तासभर खोळंबलं. पहाटेपासून उभी असलेली पोर उपाशी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं? पत्रात दिवा आहे, अनारशांचा आकडा आहे. तिची ओटी भरल्याचा एक शब्द नाही.

"ती घरचीच तर आहे," असं तुम्ही म्हणाल. या घरचीच-घरचीचा मला फार राग येतो. वर्षभर सासरी सगळ्यांना वाढून ती माहेरी येते, आणि इथेही तिच्या हाती झाराच. मग जोडीचा मान आपल्या एकट्याचाच आहे, असं जावयाला वाटलं तर नवल काय?

पुढचा अधिक मास थेट २०२९ मध्ये येईल. तोवर थांबू नका. येत्या रविवारी लेकीला बोलवा, एकटीला. स्वयंपाक ती यायच्या आत उरका. पाट मांडा, रांगोळी काढा, ओटी भरा. वडाभात आधी तिच्या पानात पडू द्या, त्यावर फोडणीचं तेल तुमच्या हातानं घाला. ती मध्येच उठून वाढायला निघेल, निघेलच. हात धरून खाली बसवा. आणि जावयाचा विषय तुम्ही काढायचा नाही. तिनं काढला, तर मध्ये न बोलता ऐकून घ्या.