क्षयरोग बरा झाला, तरी ‘इग्रा’ पॉझिटिव्ह का?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मला फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता, औषधे पूर्ण घेऊन मी बरा झालो. आता खोकला वा ताप नाही, एक्स-रेमध्येही केवळ जुना व्रण दिसतो. मात्र रक्ताची ‘इग्रा’ चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. जंतू अजून शरीरात आहेत का?

उत्तर : या चाचणीवरून ते ठरवता येत नाही, कारण ती जंतू शोधतच नाही. रक्ताच्या नमुन्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या क्षयजंतूच्या प्रथिनांचे अंश मिसळून, तो शरीराच्या तापमानाला १६ ते २४ तास ठेवतात. या प्रथिनांशी पूर्वी गाठ पडलेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्तात असतील, तर त्या इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात आणि त्याचेच प्रमाण मोजले जाते. (बीसीजी लसीतल्या जंतूत ही दोन्ही प्रथिने नसल्यामुळे, मँटू या त्वचेवरील चाचणीत लसीमुळे होतो तसा घोटाळा येथे होत नाही.)

औषधांनी जंतू मेले, तरी स्मृती जपणाऱ्या टी पेशी अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे सुप्त संसर्ग (जंतू शरीरात, पण आजार नाही), सक्रिय आजार आणि बरा झालेला आजार या तिन्ही अवस्थांत निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. सक्रिय आजारात क्षयजंतूला ओळखणाऱ्या सीडी-४ प्रकारच्या टी पेशींवर एचएलए-डीआर हे उत्तेजनाचे चिन्ह अधिक आढळते आणि उपचारानंतर ते ओसरते. फरक ओळखण्याचा हा मार्ग मला सर्वांत आश्वासक वाटतो, पण नेहमीच्या तपासणीत तो अद्याप रुळलेला नाही.

सुप्त संसर्गात याच सीडी-४ पेशी जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना चेतवून जंतूंना गाठींमध्ये कोंडून ठेवतात. एचआयव्हीमुळे त्या घटल्या, किंवा संधिवातासाठी टीएनएफ हे प्रतिकारशक्तीचे प्रथिन रोखणारी औषधे सुरू झाली, की ही पकड सैल होते. एरवी सुप्त संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो आणि तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत.

तेव्हा केवळ या अहवालावरून पुन्हा औषधे सुरू करण्याचे कारण नाही, आणि बरे झाल्याची खात्री करण्यासाठी ‘इग्रा’ पुन्हा करणे तर निव्वळ व्यर्थ. मात्र ही स्मृती पुरते संरक्षण देत नाही. बरा झालेला आजार उलटू शकतो, नव्याने संसर्गही होऊ शकतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट जाणवल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध कुणी सुचवल्यास जुन्या आजाराची माहिती आधी द्यावी.