सशाचे दात: डॉक्टर निवडताना

ससा खायला धावतो, घास उचलतो आणि टाकून देतो, असं तुम्ही लिहिलंय. हे भूक मेल्याचं नव्हे, तोंड दुखत असल्याचं लक्षण वाटतं. हनुवटी ओली आहे का, डोळ्यातून पाणी येतं का, लेंड्या बारीक झाल्या आहेत का, ते आजच बघा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दिसतात, पण त्रास बहुतेकदा दाढांचा असतो आणि त्या घरी दिसत नाहीत. नेलकटरने दात कापू नका, दात उभा चिरतो.

डॉक्टरांना आधी फोनवर विचारा: ससे नेहमी तपासता का? दाढा कशा बघता? कवटीचा एक्स-रे काढता का? भूल देण्याआधी उपाशी ठेवायचं का? शेवटच्या प्रश्नाला ‘रात्रभर ठेवा’ असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भुलेआधी रात्रभर उपाशी ठेवायची गरज नसते, उलट उपाशी राहिला की आतडी मंदावतात. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तरी थांबा, ते सशाच्या आतड्यांना घातक ठरू शकतं.

बारा तास काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट बघू नका, मिळेल त्या पशुवैद्याकडे लगेच न्या. आणि सुकं गवत सतत समोर असू द्या, दाढा त्यानेच झिजतात.