पावडर मिक्सरमध्ये नीट मिसळते, पण बॅगेत भरताना परत वेगळी होते. मिक्सिंगचा वेळ वाढवू का?

नका वाढवू. तुम्ही लिहिलंय की मिक्सरमधलं सॅम्पल ठीक येतं, पण पहिल्या बॅगांमध्ये बारीक जास्त आणि शेवटच्या बॅगांमध्ये जाड दाणा जास्त. म्हणजे मिक्सरने त्याचं काम केलंय, घोळ पुढे हॉपरमध्ये (ज्या नरसाळ्यासारख्या टाकीतून बॅगा भरतात) होतोय. मी पण सुरुवातीला मिक्सरलाच शिव्या घालायचो, टाइम वाढवून वाढवून बघितला, फरक शून्य, उलट दाणे फुटून भुकटी वाढली ती वेगळीच.

होतं काय की मिश्रण वरून मधोमध पडतं, त्याचा ढीग होतो, आणि ढिगाच्या उतारावरून दाणे घसरताना बारीक दाणे जाड दाण्यांच्या फटींतून गळून मधेच बसतात, जाड मात्र घरंगळत भिंतीपर्यंत जातात. खोटं वाटत असेल तर दोन पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट बोटभर अंतर ठेवून उभ्या करा, बाजू आणि तळ बंद करा आणि वरून चमच्याने मिश्रण सोडा, दोन रंगांचे घटक असतील तर मिनिटभरात मध्ये एक रंग आणि कडेला दुसरा दिसतो. आम्ही हे करून दाखवलं तेव्हा कुठे वरच्या साहेबांना पटलं.

आता बहुतेक हॉपर उथळ कोनाचे असतात, त्यात मधलाच माल आधी सुटतो (वरून बघाल तर मध्ये खळगा पडलेला दिसेल) आणि कडेचा बसून राहतो, शेवटी येतो. तुमच्या बॅगांचा पॅटर्न तंतोतंत हाच आहे. याला फनेल फ्लो म्हणतात. उपाय म्हणजे मास फ्लो, कोन जास्त उभा आणि भिंत गुळगुळीत, म्हणजे सगळा माल एकदम हलतो आणि कडेचा-मधला तोंडाशी येताना परत एकत्र होतो. कोन किती ते मात्र अंदाजाने ठरवू नका, तुमचीच पावडर आणि तुमच्याच भिंतीचं मटेरियल घेऊन शिअर टेस्टरवर घर्षण मोजावं लागतं. ही पद्धत जेनिके या इंजिनिअरनी १९६० च्या दशकात यूटा विद्यापीठात बसवली, आजही तीच चालते.

हॉपर बदलायचं बजेट नसेल तर पावडरकडे बघा. वजनापेक्षा दाण्याचा साइज जास्त नडतो, लोक उगाच डेन्सिटीच्या मागे लागतात. दोन्ही घटक जवळपास एकाच चाळणीच्या रेंजमध्ये आणता आले तर अर्धं काम झालं. नाहीतर ग्रॅन्युलेशन करा म्हणजे प्रत्येक दाण्यातच दोन्ही घटक येतात, किंवा अगदी थोडं तेल वा बाइंडर मारा म्हणजे बारीक जाडाला चिकटून राहील. ड्राय पावडर इनहेलरमध्ये असंच असतं, साधारण १ ते ५ मायक्रॉनचं औषध मोठ्या लॅक्टोजच्या दाण्यांवर चिकटवलेलं असतं. पण हात आखडता ठेवा, ओलावा जास्त झाला की पावडर वेगळी व्हायची थांबते आणि हॉपरमध्ये तुंबून बसते, मग कोणीतरी हातोडा घेऊन येतो. हातोडा आणि व्हायब्रेटर हे पण शत्रूच, हादरे बसले की मोठे दाणे वर येतात.

अजून एक, माल उंचावरून पडत असेल तर हवेबरोबर बारीक धूळ तरंगते आणि नंतर सगळ्यात वर थर धरून बसते. हा थर मास फ्लोने जात नाही, कारण तो माल जसा भरला तसाच थराथराने खाली आणतो. तिथे पडण्याची उंची कमी करणं आणि हवा बाहेर जायला वाट देणं एवढाच इलाज.

त्यामुळे खर्च करायच्या आधी एक पूर्ण बॅच भरताना प्रत्येक बॅगेच्या वेळी वाहत्या धारेतून सॅम्पल घ्या, धारेच्या पूर्ण रुंदीत भांडं फिरवून, रॉड खुपसून नाही (रॉड स्वतःच थर ओढून मिसळतो), आणि क्रमाने चाळा. जाड शेवटी आलं तर हॉपरचा प्रॉब्लेम आहे, आणि हॉपर आधीच मास फ्लोचा असून बारीक शेवटी आलं तर हवेचा. आकडे इथे टाका, मग बघू.