यूरिया सेंद्रियच आहे

‘सेंद्रिय म्हणजे रसायन नसलेलं, मग सेंद्रिय रसायनशास्त्र हे काय गौडबंगाल?’ असा प्रश्न आलाय. ही कृपा गुळाच्या ढेपेवर ‘१००% सेंद्रिय, रसायनमुक्त’ छापणाऱ्यांची. अहो, गूळच काय, पाणीसुद्धा रसायनच!

रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे, थोडे अपवाद सोडता, कार्बनची संयुगं. पेट्रोल सेंद्रिय, प्लास्टिक सेंद्रिय, यूरियाही सेंद्रिय. लघवीतला हा पदार्थ देहातल्या जीवशक्तीशिवाय होणारच नाही अशी समजूत असताना, १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने तो प्रयोगशाळेत करून दाखवला. आज सेंद्रिय शेतीत त्याच यूरियाला बंदी, आणि रॉक फॉस्फेट, म्हणजे चक्क दगडाची निरिंद्रिय भुकटी, चालते! कारण शेतीतला ‘सेंद्रिय’ निराळा. इंग्रज शेतीलेखक लॉर्ड नॉर्थबोर्नने १९४० साली अख्खं शेत हाच एक सजीव देह मानला, तिथून तो आला. माती परीक्षणातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या जीवांशांतला कार्बन, आणखी वेगळा, पण त्याबद्दल कुणी भांडत नाही.

खरी मजा चरकसंहितेत आहे. ‘सेन्द्रियं चेतनं द्रव्यं निरिन्द्रियमचेतनम्’. इंद्रियं असलेलं ते सचेतन, नसलेलं ते अचेतन. आपली सेंद्रिय-निरिंद्रिय ही जोडी इथूनच उचलली, असं माझं ठाम मत. मग झाडांना कुठली आली इंद्रियं? चरकसंहितेचा ११व्या शतकातला भाष्यकार चक्रपाणी म्हणतो, आहेत की! सूर्यभक्ता ही वनस्पती सूर्य फिरेल तशी फिरते, म्हणजे तिला दिसतं. लवली ही दुसरी वनस्पती मेघगर्जनेने फळते, म्हणजे तिला ऐकू येतं. इतकं देखणं शास्त्र हाताशी असताना विश्वकोशाने आणि दहावीच्या पुस्तकाने ‘सेंद्रिय’ सोडून ‘कार्बनी’ का पत्करावं? कार्बन तर चुनखडीतही आहे, ती बसते का तुमच्या कार्बनीत? आणि सेंद्रिय शेतीला ‘जैविक शेती म्हणा’ सांगणारे हिंदीच्या वळचणीला गेलेले. मराठी शेतकऱ्याला जैविक खत म्हणजे रायझोबियम, अझोटोबॅक्टर असल्या जिवाणूंचं खत. शेणखताला तो जैविक म्हणत नाही.

राहिला मूळ ‘इंद्रिय’. तो इंद्रावरून आला, पण कसा, यावर पाणिनीने एकाच सूत्रात पाच पर्याय दिलेत: इंद्राची खूण, इंद्राने पाहिलेलं, निर्मिलेलं, सेवलेलं, दिलेलं. वर पुन्हा ‘इति वा’, म्हणजे ‘किंवा असं’! इथला इंद्र म्हणजे आत्मा, असं पाणिनीच्या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या टीकेचे कर्ते सांगतात. मला विचाराल तर ‘इंद्राने दिलेलं’च खरं.