रुजू झालात ना? मग ओरिएंटेशनचा अर्ज याच वर्षी भरा

सर, अभिनंदन. आता पहिलं काम: 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला बढतीत वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 वर जायला पीएचडीधारकांना 4 वर्षं लागतात, पीएचडी-एमफिल नसेल तर 6. पण नुसती वर्षं भरून भागत नाही, अध्यापन पद्धतींवरचा 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो. शिवाय रिफ्रेशर (आपल्या विषयाची उजळणी) किंवा रिसर्च मेथडॉलॉजी (संशोधन पद्धती) यांसारखा आणखी एक कोर्स.

ओरिएंटेशनच्या जागी 'गुरु-दक्षता' हा इंडक्शन प्रोग्राम साधारण महिनाभराचा असतो. हे कोर्स घेणाऱ्या पूर्वीच्या एचआरडीसीचं (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटरचं) नाव आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र, आणि बरेच कोर्स ऑनलाइन होतात. इथेच खरी गोम आहे. सकाळी कॉलेजात तास, दुपारी लॅपटॉपवर कॅमेरा चालू, असं दोन्हीकडे तंगडं अडकवलं की हाती फक्त प्रमाणपत्र येतं. प्राचार्यांकडून लेखी परवानगी आणि ड्यूटी लीव्ह आधीच मंजूर करून घ्या. परीक्षेच्या कामाच्या तारखाही तपासा, नाहीतर ऐन वेळी पर्यवेक्षणाला नाव लागतं.

मूल्यमापन आणि प्रश्नपत्रिका तयार करण्यावरची सत्रं मन लावून ऐका. नेट-सेट करताना हे कुणी शिकवत नाही. उद्घाटनाची भाषणं... असो, ऐकावी लागतात.

प्रमाणपत्राची एक प्रत आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) द्या, पोच घ्या. आणि विभागातल्या एखाद्या जुन्या मॅडमच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा. विचारलंत तर बहुतेक जणी हो म्हणतात.